स्पॅनिशमध्ये माफी मागणं आणि कुणाला हाक मारणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'सॉरी' आणि 'एक्सक्यूज मी' या दोन शब्दांवर आपलं रोजचं शहरी मराठी निभावून जातं. स्पॅनिशमध्ये त्याच कामाला पाच-सहा शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. मनातल्या मनात आधी इंग्रजी वाक्य करून त्यावरून स्पॅनिश बनवलं की हमखास चुकतं. सरळ मराठीवरून गेलात तर वाट बरीच सोपी आहे. स्पॅनिश 20 देशांची अधिकृत भाषा असल्यामुळे जिथे फरक पडतो तिथे देशाचं नाव दिलं आहे.

'सॉरी'ला नेमका शब्द कोणता?

आधी तुम्हाला मराठीत काय म्हणायचं असतं ते बघा.

'माफ करा' म्हणायचं असेल तर 'पेर्दोन'. चुकून धक्का लागला, पायावर पाय पडला, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं, अशा सगळ्या किरकोळ चुकांना हा एक शब्द पुरतो.

'फार वाईट वाटलं हो' म्हणायचं असेल तर 'लो स्येन्तो'. 'लो' म्हणजे ते आणि 'स्येन्तो' म्हणजे मला जाणवतं. समोरच्याचं काही बिघडलं आहे आणि ते तुमच्याही मनाला लागलं आहे, हा त्याचा अर्थ. चूक तुमची असो वा नसो, हे म्हणता येतं.

'जरा जाऊ द्या' म्हणायचं असेल तर 'कोन पेर्मीसो', म्हणजे परवानगीने.

'अहो, जरा ऐकता का' म्हणायचं असेल तर 'दिस्कुल्पे' किंवा 'पेर्दोने'. 'कुल्पा' म्हणजे दोष. तेव्हा 'दिस्कुल्पे' म्हणजे 'दोष धरू नका'.

यातला एकच पाठ करायचा असेल तर 'पेर्दोन' करा. ते नाम आहे, त्यामुळे समोर तू आहे, तुम्ही आहे की दहा माणसं आहेत, याने रूप बदलत नाही.

रस्ता विचारताना 'लो स्येन्तो' म्हटलं तर लोक दचकल्यासारखे का बघतात?

कारण त्यांना वाटतं, तुम्ही आता काहीतरी वाईट बातमी सांगणार. अनोळखी माणसाने जवळ येऊन 'मला फार वाईट वाटतंय' म्हणावं आणि पुढे 'स्टेशन कुठे आहे?' असं विचारावं, तसं ते ऐकू येतं. इंग्रजीतलं 'सॉरी' दोन्हीकडे चालतं, म्हणून ही चूक सगळ्यात जास्त होते. प्रश्न विचारायच्या आधी 'दिस्कुल्पे' किंवा 'पेर्दोने', आणि त्याच्याही आधी 'ब्वेनोस दीयास' म्हणा. दुपारच्या जेवणानंतर 'ब्वेनास तार्देस'. नमस्काराशिवाय थेट प्रश्न टाकणं हे 'पेर्दोने' विसरण्यापेक्षा जास्त खटकतं.

'पेर्दोना' की 'पेर्दोने'? 'दिस्कुल्पा' की 'दिस्कुल्पे'?

इथे मराठी कान फसतो. मराठीत 'ऐक' म्हणजे तू आणि 'ऐका' म्हणजे तुम्ही. शेवटी 'आ' आला की आदर आला, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. स्पॅनिशमध्ये या दोन क्रियापदांचं गणित नेमकं उलटं आहे. 'पेर्दोना', 'दिस्कुल्पा' म्हणजे तू. 'पेर्दोने', 'दिस्कुल्पे' म्हणजे तुम्ही. आदर दाखवायच्या भरात 'आ' लावलात तर आजीबाईंना 'ए, माफ कर' म्हणून बसाल.

कारण असं, की 'तुम्ही'ची आज्ञा देताना स्पॅनिश शेवटचा स्वर पालटतं. ज्या क्रियापदांचं मूळ रूप '-आर'ने संपतं (पेर्दोनार, दिस्कुल्पार) त्यांचा 'आ' जाऊन 'ए' येतो. '-एर' आणि '-ईर'वाल्यांचा 'ए' जाऊन 'आ' येतो. म्हणून 'ओईर' म्हणजे ऐकणं, याची रूपं 'ओये' (तू) आणि 'ओय्गा' (तुम्ही). हा मात्र मराठीसारखाच चालतो.

'तुम्ही'साठीचा शब्द 'उस्तेद'. तो 'ब्वेस्त्रा मेर्सेद', म्हणजे साधारण 'आपली कृपा', या जुन्या आदरार्थी संबोधनाचा झिजलेला अवतार. त्यामुळे त्याला क्रियापद तृतीयपुरुषी लागतं. 'साहेबांनी बसावं' म्हणणाऱ्या भाषेला हे नवं वाटू नये.

अनेकांना उद्देशून बोलताना स्पेनमध्ये मित्रमंडळीला 'पेर्दोनाद' म्हणतात. लॅटिन अमेरिकेत सर्वांनाच 'पेर्दोनेन' किंवा 'दिस्कुल्पेन'. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' वापरतात. तिथेही शब्द 'दिस्कुल्पा'च असतो, पण जोर 'कुल्'वरून सरकून शेवटच्या 'पा'वर जातो.

कुणाला तू आणि कुणाला तुम्ही म्हणायचं?

वयाने मोठे, पोलीस, डॉक्टर, सरकारी खिडकीमागचा माणूस, या सगळ्यांना 'उस्तेद'. स्पेनमध्ये बारमध्ये, कपड्यांच्या दुकानात, समवयस्क अनोळखी माणसाशी सरळ 'तू' चालतं आणि त्यात अनादर नसतो. पुण्यातल्या दुकानदाराला पहिल्याच भेटीत 'ए, ऐक' म्हणण्याची जी धास्ती वाटते ती तिथे बाळगायचं कारण नाही. उलट कोलंबियाच्या राजधानीत, बोगोतामध्ये, 'उस्तेद' इतकं मुरलेलं आहे की काही घरांत भावंडंही एकमेकांना तेच म्हणतात. कोस्टारिकातही तसंच. संशय आला तर 'उस्तेद'ने सुरुवात करा. समोरचा 'तू'वर आला की तुम्हीही या.

'ओये' म्हटलं तर उद्धट वाटेल का?

आपल्याला तो हिंदीतला 'ओए' वाटतो, म्हणून हा प्रश्न येतो. मित्राला, भावाला, ऑफिसातल्या बरोबरीच्या माणसाला 'ओये' म्हणजे निव्वळ 'अरे, ऐक ना'. अनोळखी माणसाला नको. 'ओय्गा' व्याकरणाने आदरार्थी असलं तरी नुसतं आणि मोठ्याने म्हटलं की त्याला भांडणाचा वास येतो, 'अहो!' ओरडून म्हटल्यावर येतो तसाच. एक जागा मात्र त्याची हक्काची आहे: पुढे चालणाऱ्याचं पाकीट किंवा छत्री पडली तर 'ओय्गा, सेन्योर!' असं खणखणीत म्हणायचं.

काका, काकू, दादा, ताई यांचं काय करायचं?

ते विमानतळावरच ठेवा. काकासाठी शब्दकोशात 'तीयो' सापडेल, पण स्पेनमध्ये तरुण पोरं 'तीयो', 'तीया' हे एकमेकांना 'अरे यार'च्या अर्थी म्हणतात. सत्तरीच्या गृहस्थाला आदराने 'तीयो' म्हणायला जाल आणि भलतंच होईल. 'सेन्योर' आणि 'सेन्योरा' सुरक्षित आहेत. तिशीच्या बाईला 'सेन्योरा' म्हटल्यावर कधीकधी तोच चेहरा होतो जो आपल्याकडे 'काकू' ऐकून होतो. अशा वेळी संबोधन गाळून नुसतं 'दिस्कुल्पे' म्हणावं.

शेजारच्या आजोबांसाठी 'दोन' आणि आजींसाठी 'दोन्या' हा मान आहे. तो पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नाही. आपण 'वसंतराव' म्हणतो, 'कुलकर्णीराव' म्हणत नाही, तसंच.

वेटरला कसं बोलवायचं?

नजरानजर करा, हात खांद्याच्या जरा वर न्या, आणि मग बोला. चुटकी वाजवणं, शिट्टी मारणं, ग्लासावर चमचा आपटणं कुठेच चालत नाही.

स्पेनमध्ये 'पेर्दोना' पुरतं. 'कामारेरो!' अशी हाक पुस्तकांत असते, पण ती हुकूम सोडल्यासारखी वाटते. बिल मागताना 'क्वान्दो प्वेदास, मे त्रायेस ला क्वेन्ता?' म्हणा, म्हणजे 'तुला जमेल तेव्हा बिल आणशील का?' हे 'क्वान्दो प्वेदास' फार कामाचं आहे. गडबडीत असलेल्या वेटरला ते 'पोर फाबोर'पेक्षा जास्त सौजन्याचं वाटतं. मुळात स्पेनच्या बारमध्ये 'मे पोनेस उन काफे?' (एक कॉफी देतोस का?) असं नुसतं प्रश्नाच्या सुरात विचारणं हेच पुरेसं नम्र असतं. प्रत्येक वाक्याला 'कृपया' जोडायची गरज नाही.

मेक्सिकोत 'खोबेन', म्हणजे तरुण माणसा, ही वेटरला मारायची नेहमीची हाक आहे. तो पन्नाशीचा असला तरी 'खोबेन'च. बाई असेल तर 'सेन्योरीता'. अर्जेंटिनात 'मोसो' ऐकू येतं, पण 'दिस्कुल्पा' (जोर शेवटी) म्हणणं बरं. कोलंबियात 'मे रेगाला उन तीन्तो?' ऐकून चक्रावू नका. शब्दशः ते 'एक काळी कॉफी भेट देता का?' असं आहे, पण पैसे द्यायचेच असतात.

गर्दीतून वाट काढताना काय म्हणायचं?

धक्का लागण्याआधी 'कोन पेर्मीसो', लागल्यानंतर 'पेर्दोन'. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

मेक्सिकोत 'कोन पेर्मीसो'ला उत्तरही मिळतं: 'पासे' किंवा 'प्रोप्यो'. टेबलावरून सगळ्यांच्या आधी उठतानाही हेच म्हणून उठतात. स्पेनमध्ये 'कोन पेर्मीसो' कमी कानावर पडतं. तिथे 'पेर्दोना, मे देखास पासार?' (मला जाऊ देतोस का?) असं विचारतात. आदरार्थी 'मे देखा पासार?' यातला 'देखा' हिंदी नव्हे. 'ख' घशातून घासत काढायचा. कोलंबियात आणि कॅरिबियन भागात तो मऊ होऊन 'देहा' ऐकू येतो.

मेट्रोत दाराकडे सरकताना 'बाखा एन ला प्रोक्सिमा?' म्हणजे 'पुढच्याला उतरताय का?' लोकलमध्ये आपण समोरच्या पाठीला नुसतं 'दादर?' विचारतो, त्याच जातीचा प्रश्न. उत्तर 'नो' आलं की तो माणूस स्वतःच बाजूला होतो.

दार ठोठावून आत येताना स्पेनमध्ये 'से प्वेदे?' (येऊ का?) आणि अर्जेंटिनात कुणाच्या घरात पाऊल टाकताना नुसतं 'पेर्मीसो'. आतून उत्तर येतं 'आदेलान्ते'.

बाजारात रांगच दिसत नाही. मध्ये घुसल्यासारखं होऊ नये म्हणून काय करायचं?

स्पेनच्या मंडईत, बेकरीत, दवाखान्यात लोक विखरून उभे असतात, पण रांग सगळ्यांच्या डोक्यात असते. आत शिरताच मोठ्याने विचारा: 'क्येन एस एल उल्तिमो?', शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करेल. तुमचा नंबर त्याच्यामागे. तुमच्यानंतर कुणी विचारलं की 'यो' म्हणायचं, म्हणजे मी. क्युबातही हीच पद्धत आहे. हे न विचारता काउंटरशी गेलात तर पुढे कितीही 'पेर्दोन' म्हटलंत तरी वातावरण निवळत नाही.

माझ्या हातून ग्लास फुटला. 'मी फोडला' म्हणू का?

इथे मराठी माणसाला उपजत फायदा आहे. 'मी ग्लास फोडला' आणि 'माझ्या हातून ग्लास फुटला' यांतला फरक आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. स्पॅनिशमध्येही तो तसाच आहे. 'रोम्पी एल बासो' म्हणजे मी ग्लास फोडला; मुद्दाम फोडला की काय, अशी शंका घ्यायला जागा राहते. 'से मे रोम्प्यो एल बासो' म्हणजे माझ्या हातून फुटला. यातला 'मे' म्हणजे 'मला', आणि क्रियापद जुळतं ते ग्लासाशी. मराठीत 'फुटला' पुल्लिंगी होतो तो ग्लासामुळे, बोलणाऱ्यामुळे नाही. स्पॅनिशमध्ये लिंगाऐवजी वचन बघायचं: दोन ग्लास फुटले तर 'से मे रोम्प्येरोन'.

याच साच्यात 'से मे कायो' (हातून पडलं), 'से मे ओल्बिदो' (विसरायला झालं), 'से मे पेर्द्यो' (हरवलं) आणि 'से मे ईसो तार्दे' (उशीर झाला) बसतात. सगळ्यांत जोर शेवटच्या 'ओ'वर, फक्त 'ईसो तार्दे'त 'ई' आणि 'तार्'वर. सोबत 'फ्वे सिन केरेर' जोडा, म्हणजे 'मुद्दाम नाही केलं'. ताज्या घटनेला स्पेनमध्ये 'आ सीदो सिन केरेर' म्हणतात.

पूर्ण वाक्य: 'आय, पेर्दोन! से मे कायो. फ्वे सिन केरेर.' आणि लगेच फडकं मागायचं.

मोठी चूक झाली असेल तर?

तेव्हा 'से मे'च्या आड लपू नये. 'माझ्याकडून राहून गेलं' हे बॉसला किंवा ग्राहकाला जसं पळवाट वाटतं तसंच तिथेही वाटतं.

स्पॅनिश माफीचा एक नमुना जगभर गाजलेला आहे. 18 एप्रिल 2012 रोजी स्पेनचे तेव्हाचे राजे हुआन कार्लोस माद्रिदच्या इस्पितळातून बाहेर पडताना कॅमेऱ्यासमोर म्हणाले, 'लो स्येन्तो मूचो. मे ए एकिबोकादो इ नो बोल्बेरा आ ओकुर्रीर.' देश आर्थिक संकटात असताना ते बोत्स्वानात हत्तीच्या शिकारीला गेले होते आणि तिथे पडून कंबरेचं हाड मोडलं होतं, त्यावरची ही माफी. त्या माफीने ते प्रकरण मिटलं नाही हे खरं, पण भाषेचा साचा म्हणून ती उत्तम आहे. 'मला फार वाईट वाटतं. मी चुकलो. पुन्हा असं होणार नाही.' तीन तुकडे, आणि एकातही सबब नाही. तुम्ही चौथा तुकडा जोडा, भरपाईचा: 'कोमो प्वेदो आर्रेग्लार्लो?', हे कसं दुरुस्त करू? लॅटिन अमेरिकेत 'मे ए एकिबोकादो'ऐवजी 'मे एकिबोके' (जोर शेवटी) म्हणा. 'मूचो'च्या जागी 'मुय' लावू नका. ते विशेषणाला लागतं, क्रियापदाला नाही.

उशिरा पोचल्यावर?

'पेर्दोन पोर येगार तार्दे' किंवा 'स्येन्तो येगार तार्दे'. दुसऱ्या वाक्यात 'लो' नाही हे बघा. 'लो' म्हणजे 'ते', आणि 'ते' काय हे पुढे सांगितलंच आहे. 'लो स्येन्तो के येगो तार्दे' हे शिकणाऱ्यांचं लाडकं वाक्य चुकीचं आहे.

नीट ऐकू आलं नाही तर?

'पेर्दोन?' असं प्रश्नाच्या सुरात. किंवा 'कोमो?', आदराने 'कोमो दीसे?' नुसतं 'के?' म्हणजे आपलं 'काय?', घरात ठीक. मेक्सिकोत लहानपणापासून 'मान्दे?' शिकवतात, शब्दशः 'आज्ञा करा'. कुणी हाक मारली तरी तेच उत्तर. काही मेक्सिकन लोकांना हा शब्द लाचारीचा वाटतो, बहुतेकांना साधा शिष्टाचार. 'मे लो प्वेदे रेपेतीर मास देस्पास्यो?' (जरा सावकाश परत सांगाल का?) हे पाठ असू द्या, सुरुवातीचे सहा महिने तेच सगळ्यात जास्त लागतं.

'पेना' म्हणजे दुःख की लाज?

देशावर अवलंबून. स्पेनमध्ये 'मे दा पेना' म्हणजे मला वाईट वाटतं, दया येते. कोलंबिया आणि मेक्सिकोत 'मे दा पेना' म्हणजे मला संकोच वाटतो. बोगोतात 'के पेना कोन उस्तेद' ही दिवसातून वीसदा कानावर पडणारी माफी आहे: उशीर झाला, सुटे नाहीत, मधून जायचंय, सगळ्याला. माद्रिदमध्ये तेच म्हटलंत तर समोरच्याला कळणार नाही की 'अरेरे' नेमकं कशाबद्दल.

आणि लाज वाटली म्हणून 'एस्तोय एम्बारासादा' म्हणू नका. त्याचा अर्थ 'मी गरोदर आहे'.

कुणी आपली माफी मागितली तर काय म्हणायचं?

स्पेनमध्ये 'नो पासा नादा', काही नाही हो. सगळीकडे 'नो से प्रेओकूपे' (काळजी करू नका), मित्राला 'नो ते प्रेओकूपेस'. मेक्सिकोत 'नो आय क्विदादो'सुद्धा ऐकू येतं. 'दे नादा' मात्र नको. ते 'ग्रास्यास'चं (धन्यवाद) उत्तर आहे, 'पेर्दोन'चं नाही.

कुणाच्या घरी दुःखद घटना घडली असेल तर?

'लो स्येन्तो मूचो' इथे अगदी योग्य आहे. 'पेर्दोन' अजिबात नाही. औपचारिक वाक्य 'मी मास सेन्तीदो पेसामे', म्हणजे माझं मनापासून सांत्वन. स्पेनमध्ये 'ले आकोम्पान्यो एन एल सेन्तिम्येन्तो' म्हणतात, म्हणजे 'या भावनेत मी तुमच्या सोबत आहे'. आपल्या 'तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत' याची ही सख्खी बहीण. हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणायचं, पुढे काही बोलायची अपेक्षा नसते.

गोव्यात जुन्या माणसांकडून ऐकलेलं पोर्तुगीज चालेल का?

समजेल, कारण शब्द भावंडंच आहेत. पोर्तुगीज 'देस्कुल्पे' आणि 'पेर्दांव' स्पॅनिश माणूस ओळखतो. पण वाट मागायचं 'कों लिसेन्सा' स्पॅनिशमध्ये नाही, तिथे 'कोन पेर्मीसो'च.

उच्चारात काय सांभाळायचं?

'त' आणि 'द' दातांवरचे, 'ट' आणि 'ड' नाहीत. 'पेर्डोन' म्हटलं की लगेच परका कान टिपतो. 'प'मध्ये हवा सोडू नका, मराठी 'प' आहे तसाच चालतो. 'स्येन्तो' दोन अवयवांचा शब्द आहे, 'सि-एन-तो' असे तीन तुकडे करू नका. 'ब' आणि 'व' स्पॅनिश कानाला एकच, म्हणून 'फाबोर'. शब्दाच्या शेवटचा स्वर गिळू नका. तू आणि तुम्ही यांतला सगळा फरक त्यातच असतो.

मेसेज आणि ईमेलमध्ये?

'पेर्दोन' लिहिताना 'ओ'वर तिरकी रेघ हवीच. 'न'ने संपणाऱ्या शब्दात जोर एरवी शेवटून दुसऱ्या अवयवावर असतो. इथे तो शेवटी आहे, हे ती रेघ सांगते. अनेकवचन 'पेर्दोनेस' झालं की रेघ जाते. स्पॅनिशमधलं उलटं प्रश्नचिन्ह (¿) वाक्याच्या सुरुवातीला न देता 'पेर्दोन' आणि स्वल्पविरामानंतर, प्रश्न जिथे सुरू होतो तिथे द्यायचं.

ऑफिसच्या ईमेलमध्ये 'ले पीदो दिस्कुल्पास पोर ला देमोरा' (विलंबाबद्दल क्षमस्व) हे वाक्य बहुतेक वेळा भागवतं. 'लामेन्तो' हे 'लो स्येन्तो'चं इस्त्री केलेलं रूप: 'लामेन्तामोस लास मोलेस्त्यास', गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आणि खणलेल्या रस्त्यावर 'दिस्कुल्पेन लास मोलेस्त्यास' अशी पाटी दिसली तर ती महापालिकेचीच समजा. पलीकडच्या फुटपाथने जा.